मध्यंतरानंतर बारसं: सांगलीतल्या व्हिडिओ लायब्ररीतली नोकरी

प्रश्न असा आहे: घराचा माळा आवरताना सांगलीतल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचा शिक्का मारलेली कॅसेट सापडली. अशा दुकानात नोकरीला असलेला माणूस दिवसभर नेमकं करायचा काय? सिनेमे बघायचाच पगार मिळायचा का? आणि ही कॅसेट आता चालेल का?

पहिल्यांदा एक सांगतो. शिक्क्याची कॅसेट तुमच्या माळ्यावर आहे, म्हणजे तुमच्या घरातल्या कुणीतरी ती परत केलेली नाही. अशी कॅसेट घेऊन येणं हेच माझं काम होतं. बाकीची कामं फावल्या वेळातली.

मी १९८७ साली पोऱ्या म्हणून लागलो आणि २००६ पर्यंत त्याच काउंटरमागे होतो. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. दुकान गावभागाकडं जाणाऱ्या एका बोळात, दहा बाय बाराचं. सुरुवातीचा पगार महिना तीनशे आणि संध्याकाळचा चहा-भडंग. सिनेमे बघायला मिळायचे का? तुकड्यातुकड्यात. परत आलेली कॅसेट ठीक आहे का बघायला सुरुवातीची पाच मिनिटं, मधली दोन, शेवटची दोन, एवढंच. शेकडो सिनेमांचा शेवट मला माहीत आहे, पण त्यात तो माणूस का मेला हे माहीत नाही.

आता हिशोब बघा, म्हणजे परत आणण्याचं एवढं काय ते कळेल. नवी कॅसेट दुकानाला दोनशेच्या आसपास पडायची. दिवसाचं भाडं दहा रुपये. म्हणजे वीस वेळा बाहेर गेली की पैसे सुटले, एकविसाव्या वेळेपासून कमाई. पण नव्या सिनेमाची हवा तीन आठवडे. त्यानंतर तो शेल्फवर बसतो आणि पाहुण्यांच्या पोरांनी हट्ट केला तरच उठतो. त्या एकवीस दिवसांत एखाद्यानं कॅसेट चार दिवस घरात ठेवली, तर चाळीस रुपये तर गेलेच, शिवाय “आली काय ओ?” म्हणून रोज चक्कर मारणारी चार गिऱ्हाइकं पलीकडच्या बोळातल्या दुकानात गेली. दंड रोजचे पाच रुपये होता. तो मिळाला तरी नुकसानच.

म्हणून संध्याकाळी सहाला अण्णा वही उघडायचे, उशीर झालेली नावं एका चिठ्ठीवर लिहायचे आणि मी सायकल काढायचो. मारुती रोड, हरभट रोड, खणभाग, कधी पार विश्रामबाग. पहिले दोन महिने मी दारात उभा राहून “कॅसेट राहिलीय तुमची” असं सरळ म्हणायचो आणि शिव्या खायचो. घरातला कर्ता माणूस समोर असताना सुनेकडं कॅसेट मागायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना घरात कॅसेट आल्याचंच माहीत नसायचं! नंतर अण्णांनी युक्ती दिली. मागायला जाताना पिशवीत दुसरी, नवी कॅसेट घेऊन जायची. “वहिनी, नवा आलाय, पहिला मान तुम्हाला. जुना द्या तेवढा.” लोकांना आपल्याकडं मागायला आलेला माणूस आवडत नाही, द्यायला आलेला आवडतो. कॅसेट मिळायची, दंड राहायचा, पण उद्याचं भाडं आजच लागायचं. वसुलीच्या कामात पुढं कुठंही गेलात तरी ही युक्ती चालते. मी नंतर एका पतसंस्थेत होतो, तिथंही चालली.

डिपॉझिट घ्यायचो, पण ओळखीच्या माणसाकडून डिपॉझिट मागायचं म्हणजे सांगलीत अपमान. निम्मे मेंबर बिनडिपॉझिटचे होते. त्यांची हमी म्हणजे कुणाचा भाचा, कुणाच्या दुकानासमोर राहतो, एवढीच.

काउंटरवरचं दुसरं कसब म्हणजे सिनेमा हातात देणं. गिऱ्हाईक नाव कधीच सांगत नाही. “तो ओ, ज्याच्यात ती आई आंधळी असते, आणि तो भाऊ पोलीस.” असे निदान सतरा सिनेमे होते. “रडका नको.” “मारामारीचा द्या, पण चांगला.” नवखा पोरगा विचारतो, तुम्हाला कसला आवडतो? या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नसतं. मी विचारायचो, “बघायला कोण कोण बसणार?” मग सगळं बाहेर यायचं. जावई आलाय. मोठ्या नणंदेची मुलगी बघायला येणारेत. ह्यांची रात्रपाळी आहे, आम्ही बायकाच आहोत. जावयासमोर लावायचा सिनेमा वेगळा आणि बायकाबायकांत बघायचा वेगळा. चुकीचा दिला तर माणूस दुसऱ्या दिवशी सिनेमाला नाही, आपल्याला नावं ठेवतो.

आणि तोंड बंद ठेवणं. वहीत कोण काय नेतो हे सगळं असायचं. कागदात गुंडाळून नेण्याच्या कॅसेटीही असायच्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. एक बाई एकदा दुपारी आल्या. “आमच्या ह्यांनी शनिवारी काय नेलं ओ?” मी वही पुढं सरकवली आणि म्हटलं, “काकी, अण्णांचं अक्षर मला लागत नाही.” अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. काकींनी वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसून एक देवाधर्माची कॅसेट घेऊन गेल्या.

यंत्राचं काम मात्र मला मनापासून आवडायचं. व्हीएचएस कॅसेटमध्ये अर्ध्या इंचाची पट्टी असते. आमच्याकडं तिला रीळच म्हणायचे. तीन तासांच्या कॅसेटीत ती जवळजवळ अडीचशे मीटर भरते. व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट लावायच्या यंत्रात, ही रीळ एका तिरक्या, चकचकीत ड्रमभोवती गुंडाळली जाते. तो ड्रम मिनिटाला पंधराशे फेरे घेतो आणि त्याच्यावर रीळेवरचं चित्र वाचणारे बारीक हेड असतात. हेडवर कचरा बसला की पडद्यावर मुंग्या. गिऱ्हाईक म्हणायचं कॅसेट खराब आहे, आम्ही म्हणायचो तुमचा व्हीसीआर खराब आहे, आणि खरं म्हणजे आदल्या गिऱ्हाइकाच्या घरातली बुरशी रीळेवर बसून ह्याच्या हेडला लागलेली असायची. हेड पुसायला कापूस कधी वापरायचा नाही, धागा अडकतो आणि हेडच निघून येतं. मऊ चामड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून ड्रमला अलगद टेकवायचा आणि तो तसाच धरून दुसऱ्या हातानं ड्रम फिरवायचा. चामडं वरखाली केलं की संपलं. पहिल्या वर्षी मी एक हेड असंच घालवलं. अण्णा तीन दिवस बोलले नाहीत आणि पगारातून पैसे कापले. ते बरोबरच होतं.

रीळ तुटली तर जोडायची, पण साध्या चिकटपट्टीनं नाही. तिचा गोंद उन्हाळ्यात वितळतो आणि ड्रमला लागतो. त्यासाठी वेगळी पातळ पट्टी मिळायची. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून एकाच कापात तिरकी कापायची आणि पट्टी मागच्या अंगाला लावायची. बहुतेक वेळा रीळ टोकालाच तुटलेली असे. कॅसेटच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. त्यातून आरपार गेलेला उजेड यंत्राला दिसला की ते समजतं, संपली आता, थांबायचं. टोक तुटलं म्हणून कुणी तो तुकडाच काढून टाकला, तर यंत्र थांबत नाही, ओढत राहतं. रिवाइंड न करता कॅसेट आणणाऱ्याला दोन रुपये दंड होता. तो मागताना मात्र मला कधीच लाज वाटली नाही. रिवाइंडचं वेगळं यंत्र होतं, व्हीसीआरची मोटर त्यात घालवायची नाही म्हणून. दिवसभर ते घुंईं घुंईं करत असायचं. अजूनही मिक्सरचा आवाज लांबून आला की मला दुकान आठवतं.

रीळ बघून माणसं कळायची, हे कुणाला खोटं वाटेल. एकच गाणं मागंपुढं करून परत परत बघितलं, मध्येच पॉज करून ठेवलं, की तेवढ्याच जागी रीळ घासते आणि पडद्यावर आडव्या रेघा येतात. कॅसेट वीस घरं फिरून आली की कुठल्या गाण्यावर गाव थांबलं होतं ते रेघांवरून दिसायचं.

लोकांच्या करामतीही होत्या. काहीजण कॅसेटचे स्क्रू खोलून आतली नवी रीळ काढून घ्यायचे आणि आपली झिजलेली घालून परत द्यायचे. वरून लेबल, शिक्का सगळं आमचंच. म्हणून आम्ही एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो. ठिपका फुटला असेल तर कॅसेट उघडली. दुसरी करामत भरून घेण्याची. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी खुटी असते. ती मोडली की तिच्यावर काही भरता येत नाही. आम्ही सगळ्यांच्या खुट्या मोडूनच ठेवायचो. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं आणि परत भरून देतं. एकदा एका सिनेमाला तक्रार आली, मध्यंतरानंतर चित्रच वेगळं आहे. लावून बघितलं. खलनायक नायिकेच्या बापाला गोदामात बांधतो, पडदा दोन सेकंद निळा होतो, आणि एकदम कुणाच्या तरी घरातलं बारसं! पाळण्याला झेंडू, बायका गोविंद घ्या गोपाळ घ्या करतायत, कोपऱ्यात एक म्हातारी कॅमेऱ्याकडं रागानं बघतेय. वीसेक मिनिटं बारसं, मग पुन्हा निळं, आणि नायक गोदामात येऊन पोहोचलेला. कुणीतरी शूटिंगवाल्याकडून आलेलं बारसं पाहुण्यांना दाखवायला आमच्या कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. वहीवरून तीन घरं निघाली. तिघांनीही हात वर केले. अण्णांनी ती कॅसेट टाकली नाही, भाड्यालाही लावली नाही. म्हणाले, राहू दे, येतंय कोणतरी मागायला.

नुसत्या कॅसेटीपेक्षा जास्त पैसा संचात होता. संच म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर, तीन सिनेमे आणि सोबत मी. रंगीत टीव्ही आपल्याकडं १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडच्या वेळी आला, पण ८७-८८ लाही तो गल्लीत एखाद्याकडं. उसाचं बिल आलं, हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, झाली, की गावागावांतून बोलावणी. हरिपूर, बुधगाव, समडोळी, दुधगाव. टेम्पोत गादीवर टीव्ही ठेवायचा आणि तो धरून मी मागं बसायचो. देवळासमोर किंवा कुणाच्या अंगणात टेबल मांडलं की सगळ्यात आधी व्होल्टेज बघायचं. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागलेले, व्होल्टेज पार खाली, चित्र आक्रसतं. रात्री अकरानंतर तेच इतकं चढतं की स्टॅबिलायझर टकटक करायला लागतो. त्या टकटकीकडं कान ठेवूनच बसायचं.

तीन सिनेमांचा क्रमही ठरलेला. आधी देवाधर्माचा, म्हातारी माणसं पुढं बसलेली असतात. तो संपला की ती उठतात, मग घरगुती मराठी, विनोदी. बायका आणि पोरं त्यात हसून हसून दमतात आणि झोपायला जातात. दोनच्या पुढं मारामारीचा. तोवर फक्त तरणी पोरं उरतात. हा क्रम एकदा मी उलटा केला, कारण पहिली कॅसेट दमट हवेनं आत घेतच नव्हती. पावसाळ्यात ड्रमवर दव धरतं, रीळ त्याला चिकटते, चांगलं यंत्र अशा वेळी चालायलाच नकार देतं. तासभर नुसतं चालू ठेवून गरम होऊ द्यायचं असतं. मला तेवढा धीर नव्हता. गावकीतल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरा, देव आधी का राक्षस आधी?” त्या रात्री ठरलेल्या दीडशातले पन्नास त्यांनी कापून घेतले.

जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी रामायण लागायचं. त्या वेळेत दुकान उघडून उपयोग नव्हता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. पण त्यामुळं आमचा धंदा बुडाला असं नाही, उलट वाढला. रामायणासाठी ज्यांनी टीव्ही घेतला ते शनिवारी रात्री व्हीसीआर न्यायला यायला लागले. धंदा बुडवला केबलनं. आधी गल्लीतली केबल. कुणीतरी एक व्हीसीआर घ्यायचा, आमच्याकडूनच दहा रुपयांत कॅसेट न्यायची आणि वायर टाकून साठ घरांना दाखवायची. त्यातले दोघेतिघे तर आधी आमच्यासारखेच काउंटरवर होते. मग ऑक्टोबर १९९२ मध्ये हिंदी खासगी वाहिनी सुरू झाली आणि वायरमधून दिवसभर फुकट करमणूक यायला लागली.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण लोक त्या दिवसांबद्दल फार भाबडेपणानं बोलतात. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिडिओ कॅसेटवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क घेतल्याचं निवेदन आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवणं बंधनकारक झालं. भाड्यानं द्यायलाही हक्कधारकाची परवानगी लागते. आमच्या शेल्फवरच्या किती कॅसेटींवर ते सगळं होतं? मोजायला दोन हात पुरायचे. थेटरात सिनेमा चालू असताना पडद्यावरून उतरवलेल्या प्रिंटमध्ये पुढच्या रांगेतला माणूस उठून मुतायला जाताना दिसायचा. आम्ही ते विकत घेत होतो, भाड्यानं देत होतो. ते चोरीचंच होतं. थेटरवाले आमच्यावर चिडायचे ते बरोबर होतं.

सीडी आल्यावर कामातली मजा गेली. एका व्हीसीडीत, म्हणजे सिनेमाच्या सीडीत, चौऱ्याहत्तर मिनिटं मावायची, म्हणून हिंदी सिनेमाच्या दोन नाहीतर तीन सीड्या. आता परत आणण्याचं काम तिप्पट झालं, कारण गिऱ्हाईक दोन आणायचं आणि तिसरी नेमकी प्लेअरमध्ये राहायची. पुसताना गोल गोल पुसायची नाही, मधून कडेला सरळ पुसायची, हे मी किती लोकांना सांगितलं असेल. खालच्या बाजूचा ओरखडा एकवेळ पुसून चालतो. लेबलच्या बाजूला ओरखडा गेला की संपलं, कारण चमकणारा थर त्या लेबलच्याच खाली असतो.

मग २००५ चा पूर. जुलैच्या शेवटी कृष्णा चढायला लागली. सांगलीत सगळे आयर्विन पुलाकडं बघतात, पंचेचाळीस फुटाला धोक्याची पातळी. ती ओलांडून पाणी वर आलं तेव्हा आम्ही रात्रीतून सीड्या वरच्या माळ्यावर चढवल्या. कॅसेटींना तेव्हा कुणी विचारत नव्हतं, त्या खाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर सीड्या स्वच्छ पाण्यानं धुतल्या, बहुतेक चालल्या. कॅसेटींच्या आत गाळ गेला होता, त्या ट्रॉली भरून टाकल्या. पण खरं नुकसान वहीचं. काउंटरच्या खणात होती, तिचा लगदा झाला. कुणाकडं काय आहे ते आता कुणालाच माहीत नव्हतं, आमच्या डोक्यात होतं तेवढंच. अण्णा म्हणाले, कुणाच्या दारात जायचं नाही, त्यांच्याही घरात पाणी आलंय. महिनाभरात लोक आपणहून आले. सगळे नाही, निम्मेही नाहीत. एकानं पाच वर्षांपूर्वीची कॅसेट आणून दिली आणि पाच वर्षांचा दंड किती होतो ते विचारलं. अण्णांनी त्याला चहा पाजला. पुढच्या वर्षी दुकान बंद केलं. नवी सीडी तीस रुपयांना विकत मिळायला लागल्यावर दहा रुपये भाडं देऊन ती परत आणायला कोण येणार?

आता तुमची कॅसेट. ती लगेच कुठल्याही यंत्रात घालू नका. खिडकीतून रीळेच्या कडेकडं बघा. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरचं हेड घालवते, आणि नवा व्हीसीआर आता मिळत नाही, जपानमधल्या शेवटच्या कंपनीनं जुलै २०१६ मध्ये बनवणं थांबवलं. उन्हात वाळवू नका, इस्त्रीचं, हेअर ड्रायरचं काही करू नका. बुरशी असेल तर शूटिंगची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या माणसाकडं द्या आणि बुरशी आहे हे त्याला आधी सांगा. लपवू नका, त्याचं यंत्र जाईल. स्वच्छ असेल तर एक दिवस घरातच उघड्यावर ठेवा. मग लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा पूर्ण मागं फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली रीळ त्यानं मोकळी होते.

सिनेमा कुठला आहे त्याला महत्त्व नाही, तो तुम्हाला फोनवर मिळेल. लेबलच्या कडेला खुटीचं भोक शोधा. उघडं असेल तर आत सिनेमाच आहे, हवी तर ठेवा. भोकावर पिवळी पडलेली चिकटपट्टी असेल तर कॅसेट टाकू नका, आणि लावलीत की आधी मध्यंतरानंतरचा भाग बघा.